कानातली तांबट आळी

२०१७ सालची गोष्ट. गणपती जाऊन आठवडाभर झाला असेल. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजानं. ठक्, ठक्, ठकठक्, मग जरा थांबून पुन्हा ठक्. आणि प्रत्येक ठोक्यामागे धातूचा एक बारीक झंकार रेंगाळायचा, भांड्याला चमचा लागल्यावर राहतो तसा. वाटलं, वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटतंय. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अस्सल पुणेकराला शोभेल असं काम केलं. सोसायटीच्या फलकावर एक सूचना डकवली: "रात्री अकरानंतर कुटणे, ठोकणे, खिळे मारणे इ. कामे करू नयेत. इतरांना झोप असते." खाली सही नाही, अर्थातच.

त्या रात्रीही आवाज आलाच. बायकोला उठवलं. ती दोन मिनिटं बसून राहिली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "अहो, काही वाजत नाहीये. झोपा." मग मी चपला अडकवून गच्चीवर गेलो. कोथरूडची रात्र, लांब रस्त्यावरून जाणारा एखादा ट्रक, बाकी सामसूम. ठोके मात्र होते तेवढेच, ना कमी ना जास्त. मी दोन्ही कानांत बोटं घातली. ट्रक बंद झाला. ठोके मोठे झाले.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. खाली येताना फलकावरची सूचना काढून खिशात घातली.

आवाज ओळखीचा आहे हे लक्षात यायला आणखी दोन दिवस गेले. माझं सगळं लहानपण कसबा पेठेत गेलं, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. ही तांबट मंडळी पेशवाईत कोकणातून पुण्यात आली असं सांगतात. हंडे, घागरी, घंगाळी, तपेली आणि अंघोळीच्या पाण्याचे बंब, पुण्यातल्या जुन्या घरांमधलं बरंचसं तांबं या आळीतून गेलेलं. तांब्याचा पत्रा कापायचा, तापवून मऊ करायचा, लोखंडी खुंटावर ठेवून ठोकत ठोकत त्याला आकार द्यायचा आणि शेवटी हातोडीनं मठारायचं. मठारलेल्या भांड्यावर ज्या चकचकीत गोल खुणा दिसतात त्या नुसत्या शोभेसाठी नसतात, ठोके बसून तांबं कडक होतं, भांडं टिकाऊ होतं. सकाळी शाळेत जाताना हा ठकठकाट सुरू झालेला असायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीला थांबायचा. आम्हाला त्याचा त्रास व्हायचा का? छे. तो थांबला की उलट चुकल्यासारखं व्हायचं. पुढे स्टेनलेस स्टील आलं, गॅसचे गिझर आले, आळीतले हात कमी झाले. मी बँकेत लागलो, लग्न झालं, कोथरूडला आलो आणि तो आवाज विसरून गेलो.

तो आता माझ्या उजव्या कानात परत आला होता.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. आधी त्यांनी मला मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायला लावले, कानातला आवाज नाडीबरोबर पडतो का ते पाहायला. तसा पडत असेल तर रक्तवाहिन्यांकडे पाहावं लागतं. मग टाळूचे आणि मधल्या कानाचे स्नायू आपोआप आखडतात का ते पाहिलं. एकाच कानात जास्त आहे म्हणून एमआरआय झाला, कारण कानाच्या नसेवर गाठ नाही ना याची खात्री करावी लागते. टाइपरायटरसारखा तडतड आवाज येणारे काही रोगी असतात, त्यांच्या नसेवर रक्तवाहिनी टेकलेली असू शकते आणि त्यांना फिट्सवरचं एक औषध लागू पडतं, हेही कळलं. यातलं माझ्याकडे काही निघालं नाही. निघालं ते ऑडिओग्राममध्ये. चार हजार हर्ट्झच्या आसपास आलेख खड्ड्यात गेला होता. "तरुणपणी मोठ्या आवाजात काम केलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, बँकेत होतो. रबरी शिक्क्याचा आवाज होईल तेवढाच.

दवाखान्याचा जिना उतरता उतरता आठवलं. १९७६ ते १९८४ अशी नऊ वर्षं मी आमच्या मंडळात ताशा वाजवत होतो.

टिनिटस हा शब्द मूळ लॅटिन, वाजणे, किणकिणणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. आपल्याकडे 'कान वाजणे' आहेच. पण गंमत बघा, मराठीत आपण "तुझे कान वाजतायत" असं कोणाला म्हणतो? जे नाहीच ते ऐकू आल्याचं जो सांगतो त्याला. म्हणजे माझ्या आजाराचं साधं नावच मला खोटं पाडत होतं. पहिले सहा महिने मी या गोष्टीनं जेवढा खचलो तेवढा आवाजानंही नसेन. हात मोडला तर प्लॅस्टर दिसतं, ताप आला तर थर्मामीटर सांगतो. मी मात्र रात्रभर तांबं ठोकल्याचं ऐकून सकाळी दाढी करून चहाला बसायचो आणि समोरच्याला काहीच दिसायचं नाही. झोप उडाली. कोणाशी धड बोलेना. सवाईला जाणं बंद केलं, कारण तानपुऱ्याच्या मधे मधे हातोडी ऐकायची हिंमत नव्हती.

झोप येत नाही तर वाचत बसावं म्हणून मी हा इतिहास शोधायला लागलो. आपल्याआधी हे कोणाकोणाला झालं आणि त्यांनी काय केलं, एवढंच पाहायचं होतं.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत. त्यात कर्णनाद आहे आणि कर्णक्ष्वेडही आहे. म्हणजे कान वाजण्याचे त्यांनी दोन वेगळे प्रकार केले. पुढे, साधारण तेराशे वर्षांपूर्वी, माधवकरानं 'माधवनिदान' लिहिलं. त्यात कर्णनादाचं लक्षण दिलंय: कानाच्या मार्गात वायू शिरून राहिला की माणसाला भेरी, मृदंग, शंख असे नाना आवाज ऐकू येतात. आणि कर्णक्ष्वेडात वेळूच्या बासरीसारखा आवाज येतो. रात्री तीन वाजता हे वाचून मला एकदम बरं वाटलं, खरंच. वायू वगैरे राहू द्या. पण तेराशे वर्षांपूर्वीचा तो वैद्य रोग्याला "काही वाजत नाहीये, झोप" असं म्हणत नव्हता. तो विचारत होता, "कोणतं वाद्य?"

प्राचीन रोमनांची तऱ्हा वेगळी. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात ना, तसं प्लिनीनं लिहून ठेवलंय की कान वाजले म्हणजे कुठेतरी आपल्याबद्दल बोलणं चाललंय असं लोक मानतात. त्या हिशेबानं माझ्याबद्दल कोणीतरी सात-आठ वर्षं अखंड बोलतंय.

हे सगळं आत्याच्या कानावर गेलं. आत्या माझी आळंदीची वारी चुकवत नसे. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाली, "अरे, भाग्यवान आहेस. अनाहत नाद आहे तो. लोक जन्मभर साधना करतात त्यासाठी." मला हसावं की रडावं कळेना. पण वाचायचा नाद लागलेला, त्यामुळे तिकडेही गेलो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला, योगाचा. माउलींनी १२९० साली नेवाश्याला सांगितलेल्या त्या ग्रंथात अनाहताचं वर्णन आहे. मग पंधराव्या शतकाच्या सुमाराची स्वात्मारामाची हठप्रदीपिका काढली. तिच्या चौथ्या उपदेशात साधकाला कोणकोणते आवाज ऐकू येतात त्याची यादीच आहे. आधी समुद्र, मेघ, भेरी, झर्झर. मग मर्दल, शंख, घंटा, काहल. आणि शेवटी किंकिणी, वेणू, वीणा, भ्रमर.

तुमच्या लक्षात आलं का? भेरी, शंख, वेणू. वैद्याच्या यादीतली वाद्यं योग्याच्या यादीत हजर आहेत. योग्याला सांगितलंय, हातांनी कान झाकून घे आणि आतला नाद उजव्या कानात ऐक. मी गच्चीवर कानांत बोटं घातली होती. आणि माझा कानही उजवाच. एका ग्रंथात जो रोग, दुसऱ्यात तोच प्रगतीचा टप्पा!

आता मी काही योगी नाही आणि या दोन गोष्टी एकच आहेत असं म्हणायचं धाडस करणार नाही. अनाहत म्हणजे आघाताशिवाय झालेला. माझा नाद तर चांगलाच आहत, ताशाच्या काड्यांनी पोसलेला. पण एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९५३ साली अमेरिकेत मॉरिस हेलर आणि मो बर्गमन या दोघांनी एक साधा प्रयोग केला. ऐकण्याची काही तक्रार नसलेली ८० माणसं एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवली आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचं लिहिलं. गुणगुण, शीळ, घंटा, पाण्याचा आवाज. म्हणजे पूर्ण शांतता ही मुळात माणसाच्या नशिबातच नाही. कान झाकले की बहुतेकांना काहीतरी ऐकू येणार. फरक एवढाच की मला कान झाकावे लागत नाहीत.

यातून मला एक उपयोगाची गोष्ट मिळाली. योगी त्या नादाकडे जाऊन बसतो, डॉक्टर सांगतात त्याच्याकडे लक्ष देऊ नका. वरवर पाहता सल्ले उलटे आहेत. पण दोघांच्याही सांगण्यात भीतीला जागा नाही. मी मात्र आवाजाकडे पाठही फिरवत नव्हतो आणि त्याच्यासमोर बसतही नव्हतो. मी रात्रभर दाराला कान लावून पहारा देत होतो.

२०१८च्या मार्चमध्ये एक दिवस बायको म्हणाली, "नक्की कसा आवाज येतो तो मला ऐकवा तरी." म्हटलं चल. रिक्षा करून आम्ही दोघं कसब्यात गेलो. कसबा गणपतीला नमस्कार केला आणि तांबट आळीत शिरलो. अजून काही घरांत काम चालतं. एका दारात एक म्हातारे गृहस्थ मोठं घंगाळ मठारत बसले होते. मी बायकोला म्हटलं, "हा. हा आवाज. असाच." ती काही बोलली नाही. पाच-एक मिनिटं तशीच उभी राहिली. ठक्, ठक्, ठकठक्. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रोज रात्री हे?" मी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही आलं असावं. सहा महिन्यांत पहिल्यांदा दोन माणसांनी तो आवाज ऐकला होता.

बेडरिख स्मेताना नावाच्या चेक संगीतकाराची आठवण मला तिथे झाली. १८७४ साली तो पूर्ण बहिरा झाला, पण कानातले आवाज थांबले नाहीत. १८७६ साली त्यानं चार तंतुवाद्यांसाठी 'माझ्या आयुष्यातून' नावाची रचना केली. तिच्या शेवटच्या भागात सगळं आनंदात चाललेलं असताना एकाएकी थांबतं आणि व्हायोलिनवर एक लांबलचक, टोकदार, उंच सूर येतो. तो त्याच्या कानातला सूर. त्याच्याही आधी, १८०१ साली, बेथोवेननं आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून कान रात्रंदिवस घुमतात असं कळवलं होतं. पण पत्रात सांगणं वेगळं आणि ऐकवणं वेगळं. स्मेतानानं तो सूर लोकांना ऐकवला. माझ्याजवळ व्हायोलिन नव्हतं, तांबट आळी होती.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हातोडी खाली ठेवून आम्हाला बसायला पाट दिला. मी भीत भीत विचारलं, "आपले कान वाजतात का हो कधी?" त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मोठ्यानं विचारलं. तेव्हा हसले आणि म्हणाले, "काम चालू असतं तेव्हा नाही. काम बंद असलं की वाजतात. म्हणून तर बंद ठेवत नाही." आणि पुन्हा हातोडी उचलली.

या उत्तराचा इतिहास तीनशे वर्षांचा आहे. बर्नार्दिनो रामाझिनी हा इटालियन वैद्य. कामगारांना त्यांच्या धंद्यामुळे कोणते रोग होतात यावर त्यानं १७०० साली पहिलं मोठं पुस्तक लिहिलं. १७१३ साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, तीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांवर लिहिलेलं आहे. व्हेनिसमध्ये हे लोक एका वेगळ्या वस्तीत एकत्र राहतात, दिवसभर ठोकत असतात, तिथला गोंगाट दुसऱ्या कोणाला सोसवत नाही, आणि या लोकांचे कान आधी जड होतात आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. हे वाचताना मी दोनदा मागे जाऊन खात्री केली की आपण व्हेनिसबद्दलच वाचतोय ना. ज्या शतकात रामाझिनी हे लिहीत होता त्याच शतकात पुण्यात आमची तांबट आळी वसत होती. अंघोळीच्या त्या मऊ ऊन पाण्याची किंमत कोणीतरी कानांनी मोजली होती, आणि शाळेत जाताना त्या ठेक्यावर पावलं टाकणाऱ्या मला ते कधी सुचलंही नव्हतं.

कानात नेमकं काय होतं ते आता बऱ्यापैकी माहीत आहे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो, त्यात साधारण पंधरा हजार केसाळ पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या झिजतात, मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, हे आणखी एक दुःख. मग मेंदूला वरच्या पट्टीतले सूर मिळेनासे होतात. स्टेशन लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवत जातो आणि मग खरखरच मोठी होते, तसं काहीसं मेंदू करतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाला खाज सुटते, त्यातलाच हा प्रकार. माझ्या मेंदूनं त्या खरखरीला तांब्याच्या ठोक्यांचा अंगरखा का चढवला कोणास ठाऊक. कपाटात जे पहिलं हाताला लागलं ते त्यानं काढलं असावं, असं आपलं मला वाटतं.

आणि मी काही एकटा नाही. २०२२ साली जगभरातल्या अभ्यासांची एक मोठी बेरीज प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानं सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून जास्त लोकांना, हा त्रास कधी ना कधी होतो, आणि साधारण २ टक्के लोकांना तो तीव्र असतो. शिट्टी, रातकिडे, कुकरची वाफ, समुद्र हे नेहमीचे आवाज. कोणाला गाणीही ऐकू येतात, विशेषतः ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, आणि ती माणसं वेडी नसतात.

आता उपाय. झां इतार हा फ्रेंच वैद्य. १८२१ साली त्यानं कानाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. आवाज घालवता येत नसेल तर बाहेर त्याच्यासारखाच आवाज करावा, असं तो सांगे. कान घोंघावत असेल तर धडधडत्या शेकोटीजवळ बसा, चुरचुरत असेल तर ओली लाकडं जाळा, फारच असेल तर पाणचक्कीपाशी राहायला जा. १९७०च्या दशकात अमेरिकेत पोर्टलंडच्या जॅक व्हर्नन यांना हीच गोष्ट नव्यानं सापडली. हाच त्रास असलेला एक डॉक्टर त्यांच्याबरोबर चालता चालता शहरातल्या एका कारंज्याजवळ थांबला आणि तिथून हलेचना, कारण पाण्याच्या आवाजात त्याला कानातला आवाज ऐकू येईना. त्यातून कानात घालायची आवाजाची यंत्रं आली. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं पेशव्यांच्या वेळेसारखं उडत असतं तर मीही रोज तिथे मुक्काम ठोकला असता. १९९० साली पावेल यास्त्रेबॉफ यांनी पुढची गोष्ट मांडली: त्रास कानात नसतो, मेंदू त्या आवाजाला धोका समजतो त्यात असतो. बाहेरचा आवाज कानातल्या आवाजाला बुडवून टाकणारा नको, त्याच्यापेक्षा जरा कमी हवा. दोन्ही शेजारी शेजारी राहू द्यात, म्हणजे मेंदूला हळूहळू कळतं की हा शेजारी निरुपद्रवी आहे.

माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आवाज कदाचित जाणार नाही, पण त्रास जाऊ शकतो." तेव्हा ते मला नुसतं समजूत घालणं वाटलं होतं. आता पटतं. मी रात्री पंखा लावतो, थंडीतसुद्धा, आणि मोबाइलवर पावसाचा आवाज अगदी बारीक ठेवतो. काही महिने समुपदेशकाकडे गेलो, आवाजाबद्दलचे माझे विचार तपासून पाहायला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला. आत्यानं सुचवलेलं लसणीचं कोमट तेल कानात घातलं नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. जागरण, सर्दी, काळजी, यांतलं काही झालं की आळी जोरात सुरू होते, मग मी समजतो की ऑर्डर मोठी आली असावी. सवाईला पुन्हा जातो, स्पीकरपासून लांब बसतो. एक मात्र कळकळीनं सांगतो: एकाच कानात आवाज असेल, नाडीबरोबर पडत असेल, किंवा अचानक एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर इतिहास वाचत बसू नका. डॉक्टरकडे जा, आणि अचानक बहिरेपणा आला तर त्याच दिवशी. तिथे उशीर महागात पडतो.

सगळ्यात वाईट रात्र कोणती होती, सांगू? २०२०ची अनंत चतुर्दशी. करोनामुळे मिरवणूक नव्हती. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मंडळी दरवर्षी विसर्जनाच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. त्या वर्षीची सरासरी ६० डेसिबलच्या आसपास आली. अख्खं शहर गप्प, आणि माझ्या कानात तांबं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वाक्य तेव्हा पुरतं समजलं. काम बंद असलं की वाजतात.

२०२२ साली मिरवणूक परत आली आणि सरासरी १०५ डेसिबलवर गेली. निवासी भागात दिवसाची कायदेशीर मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५. डेसिबलचं गणित सरळ नसतं. ८५ डेसिबलमध्ये माणूस आठ तास काम करू शकतो असं धरलं, तर १०० डेसिबलमध्ये पंधराच मिनिटं धरतात. आम्ही तीस-तीस तासांच्या मिरवणुका अभिमानानं सांगायचो. शेकोटीवर शेकलेला कातड्याचा ताशा गळ्यात, कान सुन्न, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे आवाज लांबून आल्यासारखे. दोन दिवसांत कान मोकळे व्हायचे आणि आम्ही हसायचो. ते मोकळं होणं म्हणजे माफी नव्हती, उधारी होती. चाळीस वर्षांनी वसुली आली.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी पुतणी. ती एका पथकात ताशा वाजवते आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला वाजवते. नदीपात्रात त्यांचा सराव चालतो, तो मी लांब पुलावरून ऐकतो आणि माझे हात अजूनही आपोआप हलतात. तिला "वाजवू नकोस" म्हणायचा अधिकार मला नाही. मला जर तेव्हा कोणी असं म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं का? २०२४च्या गणपतीआधी मी तिला चांगले इअरप्लग आणून दिले, वादकांसाठी मिळतात ते. ती म्हणाली, "काका, हे घातले की ताल नीट कळत नाही." मी म्हटलं, "चार दिवस सरावाला घालून बघ, कळेल." रामाझिनी सांगितला, पंधरा मिनिटांचं गणित सांगितलं. ती ऐकून घेते, गुणी मुलगी आहे.

मिरवणुकीत तिनं ते घातले होते की नाही मला माहीत नाही. मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. म्हटलं, "कसं झालं?" "मस्त, काका!" म्हणाली. मी विचारलं, "कान वाजतायत का?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "थोडे."